मिशीची कंटिन्युइटी

सदफनं हंबीररावांना सिनेमात घेतलं ते त्यांच्या मिशीसाठी, आणि हे तिनं कुणापासून लपवलं नाही. गडमुडशिंगीच्या डेअरीसमोर दूध घालायला आलेल्यांची रांग होती. त्या रांगेत तिला आधी मिशी दिसली आणि मग तिच्यामागं उभा असलेला माणूस. पांढरी, दाट, दोन्ही टोकांना वर वळलेली. मालक गप्प असला तरी मिशी आपलं म्हणणं मांडतच असायची. कॅमेरा सांभाळणारा यशराज तिच्या कानाशी लागून म्हणाला होता, की ॲक्टिंग नाही आली तरी चालेल, क्लोजअप मिळाला.

सदफ विद्यापीठात डिजिटल फिल्ममेकिंग शिकत होती, शेवटच्या वर्षाला. हे डिजिटल फिल्ममेकिंग म्हणजे नक्की काय, हे तिच्या घरात तिला धरून कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तिच्या अब्बांचं, गौसभाईंचं, गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं विचारलंच तर 'कॉम्प्युटरचं हाय कायतरी' म्हणून ते दातानं दोरा तोडायचे. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं वीस मिनिटांची एक फिल्म करायची, परीक्षकांसमोर पडद्यावर दाखवायची, आणि त्यावर पास की नापास ते ठरायचं. बाकीच्या पोरांनी खून, भूत आणि ब्रेकअप आपापसांत वाटून घेतले. सदफच्या वाट्याला, म्हणजे तिनंच मागून घेतलेला, एक म्हातारा आला. म्हस विकल्यावरही रोज सकाळी रिकामी किटली घेऊन डेअरीत जाणारा म्हातारा.

हंबीरराव कामाला चोख निघाले. सांगितल्या जागी थांबायचे, सांगितलं तिकडं बघायचे. एकच गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. डेअरीला पंचवीस वर्षं होणार म्हणून संचालक मंडळानं इमारतीला गुलाबी रंग द्यायचं ठरवलं होतं, आणि गुलाबी भिंतीसमोर सदफचा दुःखी म्हातारा उभा करणं म्हणजे सगळ्यावर पाणी. म्हणून तिनं सिनेमाचा शेवट सगळ्यात आधी शूट केला. हंबीरराव रिकामी किटली हातात धरून दोन मिनिटं तिच्याकडं बघत राहिले. अजून म्हस विकलेली नाही, ती विकल्याचं दुःख झालेलं नाही, आणि आपण रिकाम्या किटलीनं निघालो कुठं, असा त्यांचा प्रश्न होता. लग्नाआधीच बारशाचा पाळणा टांगायला सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सदफनं समजावलं. शूटिंग पाहिजे त्या क्रमानं करायचं, नंतर एडिटिंगला बसून तुकडे जागच्या जागी लावायचे. मात्र सगळ्या तुकड्यांत माणूस तोच दिसला पाहिजे. तोच सदरा, तेवढीच उघडी गुंडी, तीच मिशी. ह्याला कंटिन्युइटी म्हणतात. हंबीररावांनी ही कंटिन्युइटी इतकी मनावर घेतली, की पुढं मिशीला तेल लावायचं झालं तरी ते सदफला फोन करून परवानगी घ्यायला लागले. एकदा तर ती तासाला बसली असताना फोन आला, की डावं टोक जरा खाली आलंय, काय करू.

असा शेवट झाला, सुरुवात झाली, राहिलं ते मधलं. म्हस विकल्याच्या दुसऱ्या सकाळी म्हातारा सवयीनं बादली घेऊन गोठ्यात येतो, आणि रिकाम्या खुंट्याकडं बघतो. बस, एवढंच. पण अख्खा सिनेमा त्या एका चेहऱ्यावर उभा होता. विभागाचा कॅमेरा शनिवारपर्यंत सदफकडं होता. त्यानंतर तो पुढच्या गटाकडं जाणार, आणि एकदा गेला की तिची पाळी संपली.

बुधवारी सकाळी सामानाची रिक्षा हंबीररावांच्या दारात थांबली तेव्हा गल्ली माणसांनी भरलेली होती. सदफची नजर आधी हंबीररावांना शोधायला लागली. पण हंबीरराव तर समोरच लिंबाखाली उभे होते, मिशीसकट. गर्दी शेजारच्या दारात होती. गेले होते ते सर्जेराव, हंबीररावांचे थोरले भाऊ, पहाटे झोपेतच.

सदफला काही सुधरेना. ह्या घरात ती चारदा जेवून गेली होती. हंबीररावांच्या बायकोनं, बनाबाईमामींनी, तिला लेकीची, नातवंडांची, माहेरच्या गाईगुरांची नावं सांगितली होती. पण भिंतीला भिंत लागून सख्खा भाऊ राहतो, हे एका शब्दानं कुणी बोललं नव्हतं. ती हंबीररावांजवळ गेली. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि आज शूटिंग होणार नाही, लोक काय म्हणतील, एवढंच सांगितलं. मातीला ते गेले, पण सगळ्यांच्या मागं, परक्या गावचा पावणा चालावा तसे.

आणि तेवढ्यात कट्ट्यावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, परवा रक्षाविसर्जनाला हंबीऱ्याची मिशी जाणार.

सदफनं हे ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दारात माणूस गेलेला आणि आपल्या डोक्यात मिशी, ह्याची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मिशी डोक्यातून जाईना. तिनं कट्ट्यावर भीतभीत विचारलं, की भाऊ गेला तर मिशी काढावीच लागते का. आता कोल्हापूर जिल्ह्यात असा प्रश्न विचारायचा म्हणजे मोहोळात काठी घालायची. एक म्हणाला, पाठचा भाऊ म्हटल्यावर काढायलाच लागतंय. दुसरा म्हणाला, अग्नी देणाऱ्यानंच काढायची, बाकीचे हौस म्हणून काढतात. तिसऱ्याच्या भावकीत डोक्याचं मुंडण करत होते पण मिशी ठेवत होते. चौथ्यानं तोंडातलं पान थुंकून सांगितलं, की ज्याच्याशी बोलणंच नव्हतं त्याचं सुतक तरी कशाला. यशराजनं शाहूवाडीला आजोबांना फोन लावला. त्यांनी एका दमात तीन उत्तरं दिली, तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध, आणि शेवटी विचारलं की सिनेमात हिरॉईन कोण आहे.

दुपारी विभागात बैठक बसली. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून यशराजनं चिकटवायची मिशी आणली आणि स्वतःला लावून बघितली. कॅमेऱ्यात तो शाळेच्या गॅदरिंगमधला अफजलखान दिसला. मग ऋतुराज पुढं सरसावला. हा त्यांच्या वर्गातला कॉम्प्युटरचा किडा. हे शिक्षणच डिजिटल आहे तर न्हाव्याला घाबरायचं कशाला, असं म्हणून त्यानं आपल्याच बिनमिशीच्या चेहऱ्यावर कॉम्प्युटरवर हंबीररावांची मिशी बसवून दाखवली. तो गप्प होता तोवर झकास होती. पण तो बोलायला लागला की ओठ हलून गेल्यावर मिशी मागनं हलायची, आणि मान वळवली की ती क्षणभर जुन्याच जागी थांबून मग धावत यायची. सदफ हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

वर्षाराणी मॅडम ह्या त्यांच्या मार्गदर्शक. पुण्याहून आलेल्या. सदफ कोल्हापूरच्या बाकी पोरींसारखीच 'मी येतो, मी जातो' म्हणायची, ते सुधारण्यात मॅडमनी दोन वर्षं घालवली होती आणि शेवटी नाद सोडला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुदत वाढणार नाही, म्हणाल्या. परीक्षकांना पडद्यावर दिसतं तेवढंच खरं, त्यामागं कुणाच्या घरी काय झालं ते त्यांना दिसत नाही. मग पुढं म्हणाल्या, की फिल्म तुझी आहे, निर्णय तुझा. पण निर्णय कसला? मिशी हंबीररावांची, भाऊ हंबीररावांचा. आपल्या हातात नेमकं काय आहे, हेच सदफला कळत नव्हतं.

संध्याकाळी हंबीररावांचाच फोन आला. आवाज नेहमीचा, खणखणीत. मिशी काढणार नाही, उद्या दिवसभर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ, म्हणून शुक्रवारी सकाळी, लोक ओढ्यावर जातील तेव्हा गोठ्यातला सीन करायचा, उद्या फक्त येऊन जागा बघून ठेव. सदफला एकदम हलकं वाटलं. तिनं यशराजला फोन केला, यशराजनं ऋतुराजला. पण झोपताना तिला वाटायला लागलं, की आपल्याला आनंद झालाय तो नेमका कशाचा.

गुरुवारी ती एकटीच गेली. शेजारच्या अंगणात खुर्चीवर सर्जेरावांचा फोटो हार घालून ठेवला होता. म्हातारा सफाचट होता, मिशीचा मागमूस नाही, आणि कुठंतरी बघितल्यासारखा वाटत होता. सदफला जास्त वेळ थांबायचं धाडस झालं नाही. ती गोठ्याकडं वळणार तोच बनाबाईमामींनी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

त्यांनी सगळं सांगितलं, चुलीपुढं बसून, नाक ओढत. बारा-तेरा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात मानाचे फेटे बांधायचं चाललं होतं. पहिला मान थोरल्या चुलत्याचा. पण गडबडीत फेटेवाल्यानं मुलीच्या मामाला आधी बसवलं, आणि हंबीररावांनी ते बघूनही त्याला थांबवलं नाही. पाहुण्यांत तमाशा नको म्हणून. सर्जेराव उठले आणि अक्षता न टाकता मांडवातून चालते झाले. त्यानंतर हे म्हणाले त्यांनी यावं, ते म्हणाले ह्यानं यावं. भिंतीच्या ह्या अंगाला खोकला आला तर त्या अंगाला ऐकू जायचा, पण दोघांपैकी एकानंही उंबरा ओलांडला नाही. फेटा बांधणाऱ्याचं काही बिघडलं नाही, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नाला गेला.

सदफला वाटलं गोष्ट इथं संपली. पण खरी गोष्ट पुढंच होती. कालपासून भावकीतली माणसं येऊन हंबीररावांना विचारत होती, उद्या बसणार ना न्हाव्यापुढं. आणि हंबीरराव सगळ्यांना एकच उत्तर देत होते.

"म्हणत्यात, माझं काय न्हाय, पर पोरीच्या पिक्चरात मिशी अडकलीया. तिचं वरीस वाया जाईल. मी शब्द दिलाय," बनाबाई म्हणाल्या. "आता तूच सांग त्येंला. तू काढा म्हणालीस तरच काढत्याल. न्हायतर जलमभर म्हणत बसत्याल की डायरेक्टरनं काढू दिली न्हाय."

सदफ चक्रावली. म्हणजे गावाच्या लेखी हा सगळा घोळ आता तिनं घातलेला होता. ना तिनं फेटा बांधला, ना अक्षता अडवल्या, ना मिशी ठेवा म्हणाली. तरी बाहेर पडताना कट्ट्यावरची माणसं तिच्याकडं वळून बघायला लागली. लिंबाखाली सम्राट भेटला, सर्जेरावांचा मुलगा. हा एमआयडीसीत कामाला होता, तिशीचा, डोळे सुजलेले. तो भांडायला आला असेल म्हणून सदफनं मनातल्या मनात उत्तरं जुळवली. पण तो भांडला नाही. उद्या न्हाव्यापुढं मी एकटाच बसणार, घरात दुसरं कुणी नाही, एवढंच त्यानं सांगितलं. काका बसले तर बरं दिसलं असतं. नाही बसले तरी तुम्हाला बोल लावणार नाही, तुमची परीक्षा आहे. हे ऐकून तर सदफला वाटलं, ह्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती परतताना सरळ घरी गेली नाही, दुकानात गेली. गौसभाई एका बोलेरोच्या सीटचं माप घेत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि टेप गुंडाळला.

"मय्यतीला जाऊ का नको, आसं इचारून कोण जातंय व्हय बेटा," ते म्हणाले. "जायाचं. भांडण चपलासंगं दारात काढून ठिवायचं. परत जाताना पायजेलच आसंल तर घालायचं पायात."

सदफला वाटलं, चला, एकाचं तरी उत्तर सरळ आलं. पण गौसभाईंनी पुढं मान खाजवून विचारलं, की मिशी नसली तर परीक्षेत नापासच करणार का, की कमी मार्क देऊन सोडतील. शिकायला लागून चार वर्षं झाली म्हणजे. तेही बरोबर होतं. सदफ दुकानाच्या पायरीवर बसली आणि समोरची रहदारी बघत राहिली. एका बाजूनं विचार केला की एक बरोबर वाटायचं, दुसऱ्या बाजूनं केला की दुसरं. दोन्ही बाजूंनी एकदम विचार करायचं तर काही विद्यापीठात शिकवलेलं नव्हतं.

शुक्रवारी उजाडता उजाडता ती आणि यशराज गोठ्यात पोचले. म्हस आदल्या दिवशीच मागच्या पडवीत हलवली होती. हंबीरराव आधीच तयार होऊन बसले होते. तोच सदरा, तेवढीच उघडी गुंडी, मिशी तेल लावून बसवलेली. पत्र्याच्या फटीतून सुरेख उजेड खुंट्यावर पडत होता. यशराजनं कॅमेरा लावला आणि खुशीत अंगठा दाखवला. असा उजेड फार वेळ टिकत नाही.

भिंतीपलीकडं माणसं जमत होती. चपलांचे आवाज, हळू बोलणं, मध्येच एखादीचा हुंदका. सदफनं ॲक्शन म्हटलं. हंबीरराव बादली घेऊन आले, थांबले, खुंट्याकडं बघितलं. चेहरा कोरा होता. तिनं दुसरा टेक घेतला. तोही कोरा. तिसऱ्या टेकला तिच्या लक्षात आलं, की ते खुंट्याकडं बघतच नाहीत; त्यांचं सगळं ध्यान भिंतीकडं आहे. तरी टेक संपला की ते स्वतःच म्हणायचे, अजून एक घे. कॅमेरा चालू होता तोवर त्यांना गोठ्याच्या बाहेर पडायचं कारण नव्हतं. हे तिला कळलं, आणि कळल्यावर तिच्या तोंडून पुढचं ॲक्शन निघेना.

पलीकडची माणसं निघाली. चपलांचा आवाज गल्लीतनं लांब गेला आणि भिंत गप्प झाली. हंबीररावांनी बादली खाली ठेवली.

"पोरी, तूच सांग," ते म्हणाले. "काढू का ठिवू?"

ह्याच प्रश्नाला ती दोन दिवस घाबरत होती. तिनं यशराजकडं बघितलं. त्यानं कॅमेऱ्यामागनं जोरजोरात मान हलवली, नको म्हणून.

"मी काय सांगू मामा. मला कळंना झालंय," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"मला तरी कुठं कळतंय," हंबीरराव म्हणाले. ते खुंट्याजवळच्या दगडावर बसले. "तुमच्या पिक्चरचं बरं हाय बघ. शेवट आधी करून ठिवला तरी मधलं मागनं करता येतंय. आमचा शेवट झाला. मधलं सगळंच ऱ्हायलंय, आन् ते आता कोण करणार?"

सदफला फिल्म दिसली, पडदा दिसला, अब्बांचा टेप दिसला. आणि ओढ्यावर न्हाव्यापुढं एकटा बसलेला सम्राटही दिसला. ह्यातलं काय मोठं आणि काय छोटं हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं. एवढंच कळत होतं, की ठरवायला वेळ लावला तर ते आपोआप ठरणार आहे.

"काढा मामा," ती म्हणाली.

"आन् तुझी कंटीन्युटी?"

"तिचं माझं मी बघतो. तुम्ही जावा."

हंबीरराव उठले. चपला शोधण्यात त्यांनी बराच वेळ घालवला, त्या समोरच होत्या तरी. मग मात्र ते असे निघाले की दारातली कोंबडी फडफडून बाजूला झाली. म्हाताऱ्याला पळताना सदफनं पहिल्यांदाच बघितलं.

यशराजनं लेन्सवर फडकं मारलं, पुन्हा मारलं, मग म्हणाला की वेडी आहेस तू. सदफला ते पटलं. आपण काहीतरी चांगलं केलं असं तिला अजिबात वाटत नव्हतं. पायाखालची पायरी आपल्याच हातानं काढून घेतल्यासारखं वाटत होतं. रडू येत होतं, पण कुणासाठी, तेही स्पष्ट नव्हतं. फटीतला उजेड खुंट्यावरून सरकून शेणाच्या पाटीवर गेला. दोघं तसेच बसून राहिले. सामान आवरायचं सुद्धा कुणाला सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं दारात कुणीतरी उभं राहिलं. सदफनं वर बघितलं आणि ती चटकन उठून उभी राहिली. हा तर शेजारच्या अंगणातला, हार घातलेल्या फोटोतला माणूस. तेच कपाळ, तोच लांब वरचा ओठ, तीच हनुवटी. डोक्यावरनं टॉवेल घेतला होता. मग त्या माणसानं खाकरून घसा साफ केला, आणि आवाज हंबीररावांचा निघाला.

वर्षानुवर्षं मिशीखाली झाकून ठेवलेला चेहरा थोरल्याचा होता. त्यांनाही ते ठाऊक नसावं. त्यांचा हात सारखा ओठावर जात होता आणि काही न सापडून खाली येत होता. सम्राटनं आपल्याला हाताला धरून शेजारी बसवलं, एवढं त्यांनी सांगितलं. मग ते खुंट्याजवळ ठरलेल्या जागी जाऊन उभे राहिले आणि बादली हातात घेतली. दिलेला शब्द त्यांना पाळायचा होता.

"लाव क्यामेरा. तुझा येळ गेला. आता कुटं बघू?"

यशराजनं सदफकडं बघितलं. ती गोंधळून त्या नव्या चेहऱ्याकडं बघत होती. हा माणूस तिच्या सिनेमात कुठंच बसणार नव्हता.

तेवढ्यात बनाबाई चहा घेऊन आल्या. बाहेरच्या उन्हातून अंधाऱ्या गोठ्यात आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. हातातला चहा हिंदकळला. दुसरा हात आपसूक वर गेला, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला गेला आणि मान खाली झाली. थोरल्या दिरापुढं घेतात तसा. मनाला समजायच्या आधी हाताला सवय आठवली होती.

"या भावजी," त्या खालमानेनं म्हणाल्या. "बसा की."

हंबीररावांनी तोंड उघडलं. आता हे सांगणार, अगं मी हाय, असं सदफला वाटलं. पण ते बायकोच्या पदराकडं बघत राहिले. मग बादली हळूच खाली ठेवली, दगडावर बसले आणि चहाचा कप दोन्ही हातांनी घेतला.

"आलो," ते म्हणाले. "यायला लई उशीर केला."

बनाबाईंना आवाज ओळखू आला. त्यांचे खांदे हुंदक्यानं हलले, तरी त्यांनी पदर मागं सारला नाही. हंबीररावांच्या डोळ्यांतलं पाणी उघड्या ओठावरून वाहत होतं, आणि ते अडवायला आता तिथं काही नव्हतं. यशराजचा हात कॅमेऱ्याच्या बटणावर होता आणि तो सदफच्या खुणेची वाट बघत होता. सदफनं मान हलवली. ती चालू कर म्हणून हलवली की राहू दे म्हणून, ते यशराजला कळलं नाही, आणि तिलाही नाही.